खातेवहीच्या आतल्या भिंती

शेतजमिनीचा व्यवहार झाला की गावच्या दप्तरात त्याची खूण दोन वेगळ्या ठिकाणी उमटते, हे जत तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरातील विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते. तलाठी ती नोंद लिहितो (या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), संबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत संपते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मग सातबारावरचे नाव बदलते. फेरफार ही घडलेल्या गोष्टींची क्रमवार यादी आहे आणि सातबारा ही त्या यादीतून निघालेली आजची स्थिती. सातबारा फाटला तर फेरफारांवरून तो पुन्हा उभा करता येईल. फेरफारच हरवले, तर सातबारावरचे नाव तिथे कसे आले हे कोणालाच सांगता येणार नाही.

या व्यवस्थेत आणखी एक शहाणपण दडलेले आहे. लिहिणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. दोघांमधला व्यवहार ठरलेल्या नमुन्यातूनच होतो. तलाठ्याचे दप्तर लाकडी कपाटात आहे की लोखंडी पेटीत, याच्याशी मंडळ अधिकाऱ्याला कर्तव्य नसते. आता क्षणभर उलटी कल्पना करा. एका गावची पेटी लहान आहे. एक लांबलचक फेरफार तिच्यात मावला नाही, म्हणून तो ‘बेकायदेशीर’ ठरवून परत पाठवला. शेजारच्या गावची पेटी मोठी होती, तिथे तो मान्य झाला. कायदा एकच, पण पेटीच्या मापामुळे खाती दोन झाली! असे कुठे होते का, असे आपण म्हणू. पण मार्च २०१३ मध्ये जगभर पसरलेल्या एका खातेवहीत नेमके हेच घडले. ती खातेवही बिटकॉइनची होती. संगणकाच्या आज्ञावलीत आतल्या भिंती कुठे घालायच्या, या जुन्या प्रश्नाला त्या रात्री नवे महत्त्व आले. त्या भिंतींचा हा इतिहास आहे.

एकाच खोलीतला संसार

सातोशी नाकामोटो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनची कल्पना मांडणारा लेख प्रसिद्ध झाला. जानेवारी २००९ मध्ये तिची आज्ञावली आली. या चलनाला बँक नाही आणि मुख्य कचेरीही नाही. खातेवहीची प्रत हजारो संगणकांवर असते आणि प्रत्येक संगणक आलेला प्रत्येक व्यवहार स्वतः तपासतो. अशा संगणकाला ‘नोड’ म्हणतात. व्यवहारांचे गठ्ठे बांधले जातात, ते ‘ब्लॉक’. एकामागून एक जोडलेल्या ब्लॉकांची साखळी हे आपले फेरफार रजिस्टर. त्यातून निघणारी ‘कोणते नाणे अजून खर्च झालेले नाही’ ही यादी म्हणजे सातबारा.

नोडला कितीतरी कामे करावी लागतात. शेजारच्या नोडशी बोलायचे, ब्लॉक नियमात बसतो की नाही हे तपासायचे, तो साठवायचा, मालकाच्या गुप्त किल्ल्या सांभाळायच्या आणि पडद्यावर शिल्लक दाखवायची. पहिल्या आज्ञावलीत ही सर्व कामे एकाच कार्यक्रमात गुंफलेली होती. एका खोलीत स्वयंपाक, अभ्यास, धान्याची कोठी आणि पाहुण्यांची बैठक, असा तो संसार. एकट्याने आणि झपाट्याने केलेल्या कामात असे होतेच. कल्पना चालते की नाही हे दाखवण्यापुरते ते पुरेसेही असते. पण या संसारात एक गोष्ट इतर आज्ञावल्यांपेक्षा वेगळी होती.

आपल्या शाळेतल्या संगणकावर निकालपत्रक छापणाऱ्या आज्ञावलीत चूक असली, तर त्या शाळेपुरता घोटाळा होतो. इथे तसे नाही. एखादा ब्लॉक योग्य की अयोग्य, याचे उत्तर जगातल्या सर्व नोडनी सारखेच द्यावे लागते. निम्म्यांनी ‘योग्य’ आणि निम्म्यांनी ‘अयोग्य’ म्हटले, तर खातेवहीच दुभंगते. कोणाचे उत्तर बरोबर, हे ठरवणारा साहेब वर बसलेला नाही. म्हणून नियम तपासणारा भाग आणि बाकीचे भाग यांच्यातली सीमा हा इथे सोयीचा प्रश्न राहत नाही, तो पैशाचा आणि विश्वासाचा प्रश्न बनतो.

१९७२ सालचा एक निबंध

सीमा कुठे घालावी याचा विचार बिटकॉइनच्या कितीतरी आधी झाला होता. डिसेंबर १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञाचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. त्याने एकच आज्ञावली दोन तऱ्हांनी विभागून दाखवली. पहिली तऱ्हा सरळ: आधी वाचा, मग क्रम लावा, मग छापा, असे कामाच्या टप्प्यांनुसार तुकडे. दुसऱ्या तऱ्हेत त्याने वेगळाच प्रश्न विचारला: पुढे बदलण्याची शक्यता असलेले निर्णय कोणते? असा प्रत्येक निर्णय एकेका तुकड्याच्या पोटात लपवायचा. माहिती कोणत्या क्रमाने साठवली आहे, हे फक्त साठवणाऱ्या तुकड्याला ठाऊक. इतरांनी काय मागायचे आणि त्यांना काय उत्तर मिळेल, एवढेच उघड ठेवायचे.

या उघड भागाला इंटरफेस म्हणतात. तो दोन तुकड्यांमधला लेखी करारच असतो. जतच्या वाचकाला म्हैसाळ योजना आठवावी. मिरज तालुक्यात म्हैसाळजवळ उचललेले कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने चढवत दुष्काळी भागाकडे आणले जाते. वरच्या टप्प्यातल्या पंपघराला खालच्या टप्प्यात कोणत्या कारखान्याचा पंप आहे हे जाणण्याची गरज नाही. पाणी अमुक जागी, अमुक पातळीला, अमुक प्रमाणात यावे, एवढा करार पाळला गेला की पुरे. खालचा पंप बदलला तरी वरच्याचे काम अडत नाही.

करार चांगला असण्याची मात्र एक अट आहे. आतली गोष्ट खरोखरच आत राहिली पाहिजे. ती भिंतीतून झिरपली, तर भिंत असून नसल्यासारखी.

पेटीचे माप कायदा बनते

बिटकॉइनच्या जुन्या आवृत्त्या माहिती साठवण्यासाठी ‘बर्कली डीबी’ ही तयार साठवण-प्रणाली वापरत. फेब्रुवारी २०१३ मध्ये ०.८ ही आवृत्ती आली. तिच्यात पीटर व्हुइल्ल या प्रोग्रॅमरच्या कामामुळे ब्लॉकांच्या साठवणीसाठी ‘लेव्हलडीबी’ ही नवी, वेगवान प्रणाली आली. नियमांना कोणी हात लावलेला नव्हता, फक्त कपाट बदलले होते.

११ मार्च २०१३ रोजी (आपल्याकडे १२ तारखेची पहाट झाली होती) २,२५,४३० क्रमांकाचा एक ब्लॉक तयार झाला. पूर्वीच्या कोणत्याही ब्लॉकपेक्षा जास्त जुन्या नोंदींना तो हात घालत होता. नव्या आवृत्तीच्या नोडनी तो स्वीकारला, जुन्या आवृत्तीच्या अनेक नोडनी नाकारला. साखळीला दोन फाटे फुटले आणि दोन्ही वाढू लागले.

कारण शोधल्यावर हाती आले ते असे. बर्कली डीबी माहिती लिहिताना साठवणीच्या पानांना तात्पुरती कुलुपे लावते, म्हणजे एकाच वेळी दुसरे काम त्या पानावर खाडाखोड करत नाही. एका वेळी जास्तीत जास्त किती कुलुपे लावायची, ही संख्या आधी ठरवून द्यावी लागते. या ब्लॉकसाठी ती अपुरी पडली आणि लिहिणे फसले. जुन्या आज्ञावलीने त्याचा अर्थ लावला: ब्लॉक अयोग्य आहे!

इथे थोडे थांबू. ब्लॉक मुळीच अयोग्य नव्हता. कुलुपे संपली होती. पण साठवणीच्या भागाकडून वर गेलेला ‘जमले नाही’ हा निरोप नियमाच्या भागाने ‘नियमात नाही’ असा ऐकला. कपाटाची मर्यादा चार वर्षे एखाद्या न लिहिलेल्या कायद्यासारखी अंमलात होती आणि तो कायदा आहे हे कोणालाच माहीत नव्हते. त्यातही भर अशी की, किती कुलुपे लागतील हे त्या त्या संगणकावर माहिती कशी मांडली गेली आहे यावर अवलंबून होते. म्हणजे हा गुप्त कायदा प्रत्येक गावात थोडा वेगळा होता.

पुढचा निर्णय माणसांना घ्यावा लागला. तांत्रिकदृष्ट्या नवी आवृत्ती बरोबर होती. पण जुनी आवृत्ती वापरणारे व्यापारी आणि सामान्य लोक जगभर विखुरलेले होते, त्या सर्वांना काही तासांत बदलायला लावणे शक्य नव्हते. ब्लॉक तयार करणारे मोठे गट मात्र थोडे होते आणि संपर्कात होते. त्यांना विनंती करण्यात आली की मागे फिरा, जुन्या आवृत्तीवर जा. त्यांनी ते मान्य केले. सुमारे सहा तासांनी जुन्या नियमांची साखळी पुढे गेली आणि सर्व नोड पुन्हा एका खात्यावर आले. सोडून दिलेल्या फाट्यावर ज्यांनी ब्लॉक तयार केले होते, त्यांचे प्रत्येक ब्लॉकमागे २५ बिटकॉइनचे मानधन बुडाले. दरम्यान एका व्यवहारात तेच पैसे दोनदा खर्च झाले होते. नंतर आलेल्या ०.८.१ आवृत्तीत ब्लॉकच्या आकारावर तात्पुरते बंधन घातले गेले. ते १५ मे २०१३ पर्यंतच होते, म्हणजे तोवर सर्वांना बदलायला वेळ मिळावा.

या कथेतला सर्वांत बोधप्रद तपशील ०.८ च्या मजकुरात आहे. तिच्यात तपासणीच्या निकालाला तीन रूपे दिलेली होती: ‘योग्य’, ‘अयोग्य’ आणि ‘यंत्रणेत बिघाड झाला’. तिसरे उत्तर साधे दिसते. पण दोन भागांमधल्या करारात ते नसेल, तर असमर्थता आणि अपराध यांत फरक करता येत नाही.

भिंत बांधण्याचे कष्ट

यानंतर नियमांचा गाभा वेगळा काढण्याचे प्रयत्न सुरू झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेल्या ०.१० आवृत्तीत त्याचा पहिला तुकडा इतरांना वापरता येईल अशा स्वरूपात बाहेर ठेवला गेला. पण तो फार छोटा होता. नाणे खर्च करण्यासाठी दिलेली सही अटीत बसते का, एवढेच तो सांगे. बाकीची तपासणी साठवणीशी इतकी गुंतलेली होती की ती उपटून काढणे जमत नव्हते. हा तुकडा फारसा वापरला गेला नाही आणि २०२४ मधील २८ व्या आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला.

दुसरा प्रयत्न आतून झाला. रसेल यानोफ्स्की या प्रोग्रॅमरच्या पुढाकाराने २०१८ पासून ‘नोड’, ‘वॉलेट’ आणि ‘चेन’ असे आतले इंटरफेस लिहिले गेले. पूर्वी पडद्यावरचा भाग नोडच्या स्मृतीत थेट हात घालून हवे ते वाचत असे. आता त्याला ठरलेले प्रश्नच विचारता येऊ लागले. वॉलेट, म्हणजे गुप्त किल्ल्यांचा भाग, साखळीविषयीची माहिती ‘चेन’च्या खिडकीतूनच मागू लागला. याचा उपयोग काय? नोडचा एक भाग जगातल्या कोणाही अनोळखी संगणकाशी बोलतो, तर दुसरा तुमच्या तिजोरीच्या किल्ल्या सांभाळतो. हे दोघे एकाच खोलीत राहू नयेत, हे घरातल्या आजीलाही पटेल. मधे केवळ खिडकी असेल, तरच पुढे त्यांना स्वतंत्र खोल्यांत, म्हणजे संगणकाच्या स्वतंत्र प्रक्रियांत, हलवता येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ३० व्या आवृत्तीत अशी विभागणी प्रायोगिक स्वरूपात दिसली. कार्ल डाँग यांनी सुरू केलेला, तपासणीचा सगळा गाभा ‘कर्नल’ म्हणून वेगळा काढण्याचा प्रकल्पही याच वाटेवरचा आहे.

इतकी वर्षे का लागली? कारण चालू घरात भिंत बांधायची होती. भिंत बांधतानाच नियम नकळत बदलला तर २०१३ ची पुनरावृत्ती. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याची झलक दिसली. एकाच व्यवहारात तेच नाणे दोनदा लिहिले आहे का, ही तपासणी वेग वाढवण्यासाठी ०.१४ आवृत्तीत एका ठिकाणाहून वगळली होती, कारण ती पुढे दुसरीकडे होतेच असा समज होता. ०.१४ मध्ये तो दुसरा भाग निदान कार्यक्रम बंद पाडून थांबत असे. ०.१५ मध्ये साठवणीची रचना बदलली आणि तोही अडसर काही परिस्थितीत निघून गेला. कोणी दुष्टाव्याने तसा ब्लॉक बनवला असता, तर हवेतून नाणी निर्माण झाली असती. बिटकॉइनच्या सुदैवाने तसे होण्याआधी चूक लक्षात आली आणि १८ सप्टेंबर २०१८ रोजी दुरुस्त आवृत्ती आली. ‘ते काम तो करतो’ हा करार लिहिलेला नसेल, तर तो करार नसतोच.

मुंबईचे बोर

आता आपल्या राज्यात येऊ. २०१७ मध्ये जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी मुंबईत ‘मॅटिक’ नावाचे जाळे उभारायला घेतले. इथेरियम या मोठ्या साखळीवर व्यवहार महाग आणि मंद होते. ते स्वस्तात करून त्यांचा गोषवारा इथेरियमवर नोंदवावा, ही कल्पना होती. मे २०२० मध्ये जाळे सुरू झाले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याचे नाव ‘पॉलिगॉन’ झाले. त्याच्या चाचणीसाठीच्या जाळ्याचे नाव ‘मुंबई’ होते. ते एप्रिल २०२४ मध्ये बंद झाले. पुढच्या नियमबदलांना दिल्ली, इंदूर, आग्रा, अहमदाबाद, भिलाई अशी नावे दिली गेली.

इथे रचनाकारांनी भिंत पहिल्या दिवसापासूनच घातली होती. पॉलिगॉनच्या नोडमध्ये दोन स्वतंत्र आज्ञावल्या असतात. एकीचे नाव ‘बोर’. आपल्या माळावरच्या बोराशी त्याचा संबंध नाही, हे नॉर्स पुराणातल्या ओडिन देवाच्या पित्याचे नाव आहे. बोर व्यवहार चालवते आणि ब्लॉक बनवते. दुसरी ‘हायमडाल’, म्हणजे त्याच पुराणातला देवांच्या पुलावरचा पहारेकरी. पुढचे काही ब्लॉक कोणी बनवायचे हे हायमडाल ठरवते, बोरच्या ब्लॉकांचा गोषवारा इथेरियमकडे पाठवते आणि तिकडच्या घटना बोरला कळवते. बोर इथेरियमच्या प्रचलित आज्ञावलीवरून घडवलेली, तर हायमडाल वेगळ्याच घराण्यातली. दोघींमध्ये आहे ती केवळ ठरलेल्या प्रश्नोत्तरांची खिडकी. तलाठी आणि मंडळ अधिकारी म्हणा ना!

या भिंतीचा फायदा आणि मर्यादा दोन्ही घटनांतून दिसल्या. १० मार्च २०२२ रोजी हायमडालच्या एका सुधारणेनंतर वेगवेगळ्या नोडवरच्या हायमडालमध्ये एकवाक्यता होईना, दोन-तृतीयांश संमती मिळेना. पुढचे ब्लॉक कोणी बनवायचे हेच कळले नाही, म्हणून बोरही थांबली आणि जाळे कित्येक तास बंद पडले. जुलै २०२५ मध्ये हायमडालची संपूर्ण नवी आवृत्ती बसवली गेली. घराच्या एका खोलीचा पायाच बदलावा तसा हा बदल होता. ३० जुलैला ती नवी हायमडाल सुमारे तासभर बंद पडली. या वेळी बोरचे ब्लॉक बनतच राहिले, जरी काही वापरणाऱ्यांना अडचणी आल्याच.

दोन घटना शेजारी ठेवल्या की लक्षात येते, भिंत म्हणजे स्वावलंबन नव्हे. शेजाऱ्याकडून उत्तरच आले नाही तर किती वेळ आणि कशाच्या आधारे काम चालू ठेवायचे, हेही करारात लिहावे लागते.

इथेरियमनेही १५ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्या नोडचे असेच दोन भाग केले. एक संमती ठरवणारा, दुसरा व्यवहार चालवणारा. त्यांच्यातल्या करारात पहिला विचारतो, ‘हा ब्लॉक कसा आहे?’ दुसऱ्याची मुख्य उत्तरे तीन: योग्य, अयोग्य, आणि ‘माझी जुळवणी अजून चालू आहे’. २०१३ चा धडा इथे करारातच लिहिला गेला आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

या चलनांत पैसे गुंतवावेत की नाही, हा या लेखाचा विषय नाही. भारतात त्यांना कायदेशीर चलनाची मान्यता नाही आणि त्यांच्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहे, एवढे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. दामदुप्पट करून देणाऱ्यांपासून दूर राहावे, हेही सांगावे. पण या खातेवह्यांतून शिकण्यासारखी गोष्ट वर्गात संगणकाशिवायही दाखवता येते.

वर्गाचे दोन मोठे संघ करा. प्रत्येक संघात तीन गट: चिठ्ठ्या आणणारे, नियम तपासणारे आणि साठवणारे. ‘कोणीही स्वतःजवळ आहेत त्यापेक्षा जास्त गोट्या देऊ शकत नाही’ एवढाच नियम. दोन्ही संघांना त्याच व्यवहारांच्या चिठ्ठ्या त्याच क्रमाने द्या. एका संघाचे साठवणारे चिठ्ठ्या क्रमांकाने लावतील, दुसऱ्याचे नावाच्या अकारविल्हेने. वीस चिठ्ठ्यांनंतर दोन्ही संघांची अंतिम शिल्लक सारखी आली, तर भिंत पक्की आहे.

मग एका संघाच्या साठवणाऱ्यांच्या कानात सांगा की तुमच्या डब्यात पंधराच चिठ्ठ्या मावतात. तपासणाऱ्यांना मात्र ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मिळेल. सोळाव्या चिठ्ठीला काय होते ते पाहा. एका संघात मान्य झालेला व्यवहार दुसऱ्यात खोटा ठरेल. चिठ्ठी आणणारा मुलगा रागावेल, आणि त्याचा राग योग्यच असेल. त्यानंतर विद्यार्थ्यांनाच विचारा की करारात कोणता शब्द वाढवला तर हा अन्याय टळेल. ‘डबा भरला’ हे उत्तर कोणीतरी देईलच. त्या विद्यार्थ्याला सांगा की हाच शब्द नसल्यामुळे एकदा सहा तास जगाची एक खातेवही दोन झाली होती.